जुन्या घरगुती यंत्रांचा उतरता व्यापार



आजचा विषय ऐकून पुष्कळांस किंचित हसू आले असेल. वसंतातल्या व्याख्यानांस येताना आपण संतवाङ्मय, राज्यघटना, फार तर अर्थसंकल्प असे काही ऐकावयाच्या तयारीने येतो. जुना फ्रिज, बंद पडलेला टी.व्ही. आणि कुरकुरणारे कपडे धुण्याचे यंत्र यांवर तासभर काय बोलावयाचे? परंतु मी लोअर परळच्या चाळीत वाढलेला माणूस आहे. आमच्या घरी शास्त्राचे पहिले धडे पुस्तकातून आले नाहीत. ते भंगारवाल्याशी चाललेल्या घासाघिशीतून आले. एखाद्या वस्तूचे मोल कशावर ठरते, हा अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न त्या घासाघिशीत रोज सकाळी सुटत असे. अलीकडे तो सुटेनासा झाला आहे. पूर्वी बंद पडलेल्या टी.व्ही.लासुद्धा भाव येई. आता तो नेण्याकरिता भंगारवाल्याचीच मनधरणी करावी लागते. हा फरक का पडला, त्याचे धागे घाना देशापर्यंत आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरापर्यंत कसे जातात, तेवढेच मला आज समजावून सांगावयाचे आहे.

निर्यात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे बंदर आणि जहाज उभे राहते. पण गिरणगावाची स्वतःची एक निर्यात होती आणि तिचे बंदर म्हणजे परळचे एस.टी. आगार. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची काही वर्षे मजल्यावर एखाद्याच बिऱ्हाडात टी.व्ही. असे आणि शनिवार-रविवारी त्या दहा बाय सोळाच्या खोलीत सगळा मजला लोटे. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. ज्यांना परवडले त्यांनी यथावकाश रंगीत संच घेतला. मग जुन्या कृष्णधवल संचाचे काय झाले? तो टाकला गेला नाही. आमच्या मजल्यावरील एका गृहस्थांनी आपला संच गोधडीत गुंडाळला, वर सुतळीने आवळला आणि गणपतीला गावी जाताना एस.टी.च्या टपावर चढविला. वाटेत पेणच्या पुढे पाऊस लागला तेव्हा हे गृहस्थ जागेवरून उठून उठून कंडक्टरला टपावरची ताडपत्री नीट आहे ना, असे विचारीत होते. राजापूर तालुक्यातल्या त्या घरी संच पोहोचला तेव्हा त्याला हळदकुंकू लावले गेले. चाळीत जो 'जुना' होता तो वाडीत नवा झाला!

असे पंखे गेले, मिक्सर गेले, पुढे फ्रिज गेले. आधी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने, मग एस.टी.ने आणि खाजगी टेम्पोने, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा सर्व मार्ग खुला झाल्यावर रेल्वेनेही. यांत पैशाची देवघेव नसे, म्हणून कोणा अर्थशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली नाही. परंतु हा व्यापारच होता. मुंबईचे बिऱ्हाड जुनी वस्तू पाठवी आणि गावाकडून त्या बदल्यात तांदूळ, कुळीथ, कोकम आणि आंब्याची पेटी येई.

आता जगाकडे वळू. जुने घरगुती यंत्र कोठून निघते आणि कोठे जाते, यास एक साधा नियम आहे. दुरुस्तीचा खर्च म्हणजे मुख्यतः मजुरी. लंडनमध्ये फ्रिजचा कॉम्प्रेसर बिघडला तर कारागीर नुसता दारात येऊन उभा राहण्याचे जे घेईल, तेवढ्यात त्या जुन्या फ्रिजची किंमत संपते. म्हणून तेथे तो फ्रिज 'मेला'. तोच फ्रिज आक्रा किंवा लागोस येथे उतरला की तेथला कारागीर अर्धा दिवस खर्चून तो चालू करतो, कारण त्याचा अर्धा दिवस लंडनपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. तेव्हा यंत्राचे आयुष्य यंत्रात नसते, ते त्या गावच्या मजुरीच्या दरात असते. लोअर परळ ते राजापूर हे अंतर आणि लंडन ते आक्रा हे अंतर या दृष्टीने एकाच जातीचे आहे.

दुसरा नियम विजेच्या दाबाचा. ब्रिटनमध्ये आणि युरोपात घरगुती वीज सुमारे २३० व्होल्टची, घाना आणि नायजेरियातही जवळजवळ तेवढीच. म्हणून तिकडचा फ्रिज इकडे सरळ भिंतीत खुपसता येतो. जपानची वीज १०० व्होल्टची. त्यामुळे जपानी जुना माल फिलिपाइन्ससारख्या २२० व्होल्टच्या देशात गेला तर सोबत ट्रान्सफॉर्मरची पेटी जोडावी लागते. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि सेकंदाला ६० आवर्तने, आपल्याकडे ५०. नुसत्या आकड्यांचा हा फरक, पण जहाजांचे मार्ग त्याने बऱ्याच अंशी ठरविले.

हिंदुस्थान या जागतिक बाजारात जुन्या फ्रिजचे मोठे गिऱ्हाईक झाला नाही. ग्राहकोपयोगी मालाच्या आयातीवर आपल्याकडे दीर्घकाळ बंधने होती; संख्यात्मक बंधनांतील शेवटची २००१ साली उठली, तरी जुने एअर कंडिशनर, संगणक, झेरॉक्स यंत्रे यांना परवान्याची अट राहिलीच. आपल्याकडे विदेशी घरगुती यंत्रे आली ती दोन आडवाटांनी. एक वाट आखाती देशांतून परतणाऱ्या माणसांच्या सामानाची. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक घरांत टेप-रेकॉर्डर आला तो असाच. टी.व्ही.पुरती ही वाट ऑगस्ट २०१३ मध्ये आखडली, कारण सपाट पडद्याचे संच करमुक्त सामानातून वगळून त्यांवर ३६.०५ टक्के जकात बसविण्यात आली. दुसरी वाट मोडीत निघालेल्या जहाजांची. गुजरातेत अलंग येथे आणि आपल्या मुंबईत रे रोडनजीकच्या दारूखान्यात जहाजे तोडली जातात. जहाज म्हणजे तरंगते बिऱ्हाडच. त्यात शीतपेट्या, शेगड्या, धुलाईयंत्रे, गाद्या, कपबशा सारे असते. ही यंत्रे भक्कम असतात, पण बोटीवरची वीज बहुधा ६० आवर्तनांची असल्यामुळे तिची मोटर आपल्या ५० आवर्तनांवर संथ चालते. घेणाऱ्याने हे विचारून घ्यावयाचे असते, आणि विकणारा ते सांगण्याच्या फंदात सहसा पडत नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते लोअर परळशी निगडित आहे आणि मला ते टाळवत नाही. जुन्या यंत्राच्या व्यापाराचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्या डोळ्यांदेखत घडले. ते घरगुती यंत्राचे नव्हे, मागाचे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसे त्यात उतरली. पुढे एकेक गिरणी कायमची थंड झाली. गिरण्यांतून निघालेले माग संपाच्या आधीपासूनच भिवंडी-मालेगावकडे जात होते. संपानंतर त्या वाटेवर गर्दी झाली. ज्या मागावर परळच्या माणसाने आठ तासांची पाळी, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळविला होता, तोच माग भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास चालू लागला. माग तोच राहिला, माणसाचे मोल मात्र उतरले. हे दुःख बाजूस ठेवून यंत्रापुरते पाहिले तर एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो माग इतकी वर्षे चालला, कारण तो बिडाचा होता. दात तुटला तर गावातल्या ओतशाळेत नवे चाक ओतता येई. कोणता खिळा कोठे बसतो हे नुसत्या डोळ्यांनी दिसत असे. जे यंत्र उघडून पाहता येते आणि ज्याचा सुटा भाग शेजारच्या गल्लीत घडविता येतो, त्याला पुनर्जन्म असतो. जुन्या टी.व्ही.ची गोष्ट पहिली काही वर्षे अशीच होती. लॅमिंग्टन रोडवर त्याचा प्रत्येक भाग मिळे. आजच्या संचात मात्र एक हिरवी पाटी असते. तीवर सूक्ष्म भाग डकविलेले असतात. बिघडली की पाटीच बदला, असे सांगितले जाते, आणि त्या पाटीची किंमत ऐकून माणूस नवा संच पाहावयास निघतो.

आता या व्यापाराच्या मर्मस्थानाकडे येतो. ते म्हणजे 'जुने' आणि 'टाकाऊ' यांतील भेद. घरात हा भेद करणे सोपे आहे. बंदरात तो फार अवघड. एका पेटाऱ्यात शंभर टी.व्ही. आहेत. त्यांतील साठ चालतात, वीस दुरुस्त होतील आणि वीस निव्वळ कचरा. पाठविणारा कागदावर 'वापरलेला माल' असे लिहितो. उतरवून घेणारा वीस संच फोडून तांबे काढतो आणि उरलेली काच नाल्याकाठी टाकतो. पाठविणाऱ्या देशाचा कचरा गेला, विल्हेवाटीचा खर्च वाचला, वर दोन पैसे मिळाले! १९८८ साली नायजेरियातील कोको या लहानशा बंदरगावी इटलीहून आलेली विषारी रसायनांची हजारो पिंपे सापडली आणि जगभर गहजब झाला. ती घरगुती यंत्रे नव्हती, पण अशा प्रकरणांतूनच १९८९ साली बाझल येथे करार झाला. धोकादायक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात पाठवावयाचा तर घेणाऱ्या देशाची आगाऊ लेखी संमती हवी, हे त्याचे सार. करार १९९२ मध्ये अमलात आला आणि त्याच वर्षी भारत त्यात सामील झाला. श्रीमंत देशांनी असा कचरा गरीब देशांत मुळी पाठवूच नये, ही दुरुस्ती अमलात यावयास ५ डिसेंबर २०१९ उजाडला. आणि १ जानेवारी २०२५ पासून धोकादायक असो वा नसो, सर्वच विद्युत् कचऱ्याला ही संमतीची अट लागू झाली. चालू वस्तू अजूनही पाठविता येते, पण ती चालते हे तपासून, कागद जोडून, नीट बांधून. युरोपीय संघाने तर २०१२ च्याच आपल्या निर्देशात ही सिद्ध करण्याची जबाबदारी पाठविणाऱ्यावर टाकली. प्रत्येक नग तपासण्याची मजुरी युरोपातली. म्हणजे ज्या मजुरीच्या फरकावर हा धंदा उभा होता तोच पुसला गेला.

विष विष म्हणतात ते नेमके असते कोठे, हे पाहिल्याशिवाय हे कायदे कळावयाचे नाहीत. फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर एका वायूला दाबतो, दाबलेला वायू मागच्या जाळीत उष्णता सोडून द्रव होतो, मग केसासारख्या बारीक नळीतून सुटून आतल्या भागात त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो आतली उष्णता शोषून घेतो. पुन्हा कॉम्प्रेसर, पुन्हा जाळी. हे चक्र बंदिस्त आहे तोवर वायू निरुपद्रवी. जुन्या फ्रिजमध्ये हा वायू आर-१२ नावाचा असे. तो वर गेला की ओझोनचा थर खातो. १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन जगभर थांबविण्यात आले आणि भारतातील उत्पादन २००८ मध्ये थांबले. तो उष्णताही धरून ठेवतो, वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारे दहा-अकरा हजार पट. एका घरगुती फ्रिजमध्ये समजा दीडशे ग्रॅम वायू आहे. भंगाराच्या गाळ्यात नळी कापली की फुस्स आवाज होतो आणि त्या एका क्षणात दीड टनाहून अधिक कार्बन डायॉक्साइड सोडल्याइतके काम होऊन जाते. कापणाऱ्याला त्याचा वासही येत नाही. जुन्या टी.व्ही.च्या पिक्चर ट्यूबमध्ये काचेतच शिसे असते; मोठ्या ट्यूबमध्ये ते किलोच्या हिशेबाने भरते. काच अखंड असेपर्यंत ते जागच्या जागी राहते. तांब्याच्या गुंडाळीसाठी ट्यूबची मान मोडली, काचेचा चुरा झाला, की मग ते पाण्यात आणि मुलांच्या हातांत जाऊ लागते. सर्वांत वाईट प्रकार वायर जाळण्याचा. प्लास्टिक जळून तांबे मोकळे होते आणि धूर वस्तीत राहतो.

घाना देशाने या प्रश्नावर जे केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. जुने फ्रिज आयात करण्यावर त्यांनी २००८ मध्ये कायदा करून बंदी घातली आणि २०१३ पासून ती कसोशीने अमलात आणली. मुख्य कारण कचरा नव्हते, वीज होते. जुना फ्रिज नव्याच्या दोन-तीनपट वीज खातो. गिऱ्हाइकाला तो स्वस्त पडतो, पण लाखो घरांत असे फ्रिज बसले की देशाची वीजकेंद्रे अपुरी पडतात. म्हणजे युरोपने स्वस्तात दिलेल्या फ्रिजची बाकी किंमत घानाने दरमहा बिलातून भरावयाची! बंदीबरोबर त्यांनी जुना फ्रिज आणून देणाऱ्यास नव्यावर सूट देण्याची योजनाही काढली. चीनने २०१८ पासून चोवीस प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली. थायलंडनेही विद्युत् कचऱ्याची दारे लावून घेतली. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन विद्युत् कचरा निर्माण झाला. त्यांपैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे ती फक्त २२.३ टक्क्यांची. सीमा ओलांडून गेला तो ५१ लाख टन. म्हणजे फार मोठा भाग आता जेथे निर्माण होतो तेथेच कोठेतरी मुरतो.

आपल्याकडे कोणी बंदी घातली नाही, तरीही लोअर परळ-राजापूर हा व्यापार बसला. त्याची कारणे बिनबोभाट आली. नवा माल स्वस्त झाला. जुलै २०१८ मध्ये फ्रिज, धुलाईयंत्रे आणि लहान टी.व्ही. यांवरचा वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, मोठे टी.व्ही. आणि एअर कंडिशनर यांचा सप्टेंबर २०२५ मध्ये. बिनव्याजी म्हणविणारे हप्ते आले. ज्या फिनिक्स गिरणीच्या भोंग्यावर आमची घड्याळे लागत, तिच्या जागी मॉल उभा राहिला. १ नोव्हेंबर २०१२ पासून मुंबईत केबलसाठी सेट-टॉप पेटी सक्तीची झाली आणि जुन्या संचांपैकी ज्यांना ती पेटी जोडावयाची सोय नव्हती ते एका रात्रीत निकामी ठरले. २००६ पासून यंत्रांवर विजेच्या बचतीचे तारे छापले जाऊ लागले. समजा जुना फ्रिज वर्षाला पाचशे युनिटे खातो आणि नवा दोनशे. युनिटाला आठ रुपये धरले तर वर्षाचे चोवीसशे रुपये वाचतात. हा हिशेब गावच्या माणसालाही करता येतो. त्याशिवाय कोकणातला विजेचा दाब पावसाळ्यात असा वरखाली होतो की जुन्या फ्रिजला त्याच्या किमतीएवढा स्टॅबिलायझर लावावा लागतो.

आणि गावानेही मान वर केली आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. मघाच्या गृहस्थांच्या मुलाने काही वर्षांपूर्वी आपला जुना फ्रिज गावी पाठवावयाचे ठरविले. चुलत्यांनी फोनवर सांगितले, "बाबा रे, तुमच्याकडचा बंद पडलेला एक टी.व्ही. आणि दोन मिक्सर पडवीत आहेतच. इथे भंगारवाला वर्षातून एकदा येतो. पाठवायचाच तर नवा पाठव, नाही तर तुझ्याकडेच ठेव." मुलाला राग आला. मला चुलत्यांचे बोलणे घानाच्या कायद्याइतकेच सरळ वाटले.

तथापि या बदलाचा तोटा कोणाला झाला, तेही सांगितले पाहिजे. पहिला तोटा दुरुस्ती करणाऱ्याचा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेबल, एक दिवा आणि सोल्डरचा वास एवढ्या भांडवलावर एक माणूस तीस वर्षे रेडिओ आणि टी.व्ही. दुरुस्त करीत होता. आज त्याच टेबलावर मोबाइलच्या काचा बदलल्या जातात. दुसरा तोटा अगदी खालच्या गिऱ्हाइकाचा. घरकाम करणाऱ्या बाईला दोन हजारांत मिळणारा चालू फ्रिज नाहीसा होतो, आणि हप्त्याच्या कागदावर तिला कोणी उभे करीत नाही. सर्व जुन्या वस्तूंना एका तागडीत घालणे, हे माझ्या मते चूक आहे. आर-१२ चा फ्रिज आणि शिशाची ट्यूब यांना परत फिरू देऊ नये, हे योग्यच. पण छताचा पंखा, इस्त्री, मिक्सर यांत विष असे थोडे आणि आयुष्य पुष्कळ. त्यांचा बाजार टिकावा असे मला वाटते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आणि कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी असे योजिले. माहिती मिळणे चांगलेच; पण त्या टेबलावरच्या माणसाला माहितीइतकाच सुटा भाग हवा असतो, आणि तोही परवडेल अशा भावात.

विद्युत् कचऱ्याचे आपले पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये झाले आणि मे २०१२ पासून लागू झाले. आताचे नियम १ एप्रिल २०२३ पासूनचे. त्यांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. ज्या कंपनीने माल विकला तिने ठरावीक प्रमाणात तसला जुना माल नोंदणीकृत कारखान्यात मोडला गेल्याची प्रमाणपत्रे मिळवावयाची, अशी ही रचना आहे. अशा कारखान्यात फ्रिजचा वायू नळी कापण्यापूर्वी यंत्राने ओढून टाकीत भरतात, मग तेल काढतात, मग तांबे. कागदावर साखळी पुरी आहे. तिचा पहिला दुवा मात्र आपल्या दारात असतो, आणि तेथे अजून तोच हातगाडीवाला उभा आहे. तो किलोवर घेतो. कारखान्याला वायूसकट अखंड फ्रिज हवा. हातगाडीवाल्याला जिना उतरताना तो हलका हवा, म्हणून तो कॉम्प्रेसर बरेचदा जिन्याखालीच कापून वेगळा करतो. पैसे त्याला तांब्याचे मिळतात. वायू राखल्याचे त्याला कोणी एक पैसाही देत नाही.

हा प्रश्न येत्या काही वर्षांत लोअर परळमध्ये एकदम मोठा होणार आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळी आता पाडून नव्याने उभ्या राहत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ चाळींचेही काम चालू आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीतून माणूस ५०० चौरस फुटांच्या घरात जातो, तेव्हा देव्हारा नेतो, पाटा नेतो, आजोबांचा फोटो नेतो. फ्रिज तो नवा घेतो. वरळीत किल्ल्या मिळाल्यानंतरच्या रविवारी मी तिकडे गेलो होतो. जुन्या इमारतीच्या ओट्यावर तीन फ्रिज आणि एक पाठीकडून फुगीर टी.व्ही. ओळीने ठेवलेला होता आणि एक आजी खुर्ची टाकून त्यांच्या राखणीला बसल्या होत्या. टेम्पोवाला काय भाव देतो म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, "फ्रिजचे तो देतोय थोडे. टी.व्ही.चे उलट आपल्याकडेच मागतोय."